ओसरीवरून : भाऊचा पगार

गेल्या आषाढांत आमच्या घरीं एक लहानशी आपत्ति कोसळली. सकाळचे सहा वाजून गेले, चहाचें आधण उकळून आटलें, आणि दूध कांहीं आलें नाहीं. गेलीं वीस वर्षें सक्करदऱ्याच्या कोपऱ्यावरून दूध आणण्याचें काम आमचा भाऊ करीत आला आहे. त्यास हांक मारली, तेव्हां तो आरशापुढें उभा राहून भांग पाडीत होता. मान न वळवितां त्यानें सांगितलें, "मला वेळ नाहीं. मला ड्यूटी आहे."

घरांतील माणसें एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागलीं. अखेर एम्. ए. झालेल्या आमच्या धाकट्या बंधूंनीं चपला पायांत सरकविल्या व किटली उचलली. त्या दिवशींचा चहा सात वाजतां झाला. तो पितां पितां जे विचार मनांत आले, ते या महिन्याच्या ओसरीवर वाचकांपुढें मांडावे असा आमचा हेतु आहे.

भाऊ हा आमच्या थोरल्या काकांचा धाकटा मुलगा. वय चौतीस. बुद्धीची वाढ लहानपणींच मंदावली. शाळेंत दुसरीच्या पुस्तकापुढें मजल गेली नाहीं. दहापर्यंतचे आंकडे येतात, त्यापुढचे गोंधळतात. बोलणें थोडें व सावकाश. पण एकदां पाहिलेली वस्तु कोठें होती हें तो कधीं विसरत नाहीं. देवघरांतील पळी कोणीं भलत्या तबकांत ठेवली, तर ती तिच्या जागीं जाईपर्यंत त्यास चैन पडत नाहीं. आमच्या एकत्र संसारांत त्याचीं कामें ठरलेलीं होतीं: दूध आणणें, तुळशीस पाणी घालणें, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करणें, मटार सोलणें, पंगतीचीं पानें मांडणें, बुधवार बाजारांतून भाजीच्या पिशव्या वाहून आणणें. त्यास कोणीं कधीं टाकून बोललें नाहीं, याचा आम्हांस मोठा अभिमान वाटत असे. "आमच्याकडे तो अगदीं घरच्यासारखा आहे," असें आम्ही पाहुण्यांस सांगत असूं. घरच्याच मुलास 'घरच्यासारखा' म्हणण्यांत काय चुकतें, हें त्या वेळीं आमच्या ध्यानांत आलें नाहीं.

काका पांच वर्षांपूर्वीं गेले. काकूंनीं सत्तरी ओलांडली. दुपारीं वाती वळतां वळतां त्या मधूनच विचारीत, "माझ्या मागें याचें कसें व्हायचें?" त्यावर आम्ही सर्वजण एका सुरांत म्हणत असूं, "आम्ही आहोंत ना!" हें उत्तर खोटें नव्हतें, पण पुरतें खरेंहि नव्हतें. आमचे दोन पुतणे पुण्यास स्थायिक झाले, एक भाची परदेशीं आहे, आणि या मोठ्या घराचे पुढें किती भाग होतील तें कोणासच ठाऊक नाहीं. ज्या छपराच्या भरंवशावर आम्ही अभय देत होतों, तें छप्परच विरळ होत चाललें होतें. काकूंस तें दिसत होतें. आम्ही पाहत नव्हतों.

या ठिकाणीं थोडें मागें वळून पाहणें अवश्य आहे. बुद्धीची वाढ मंद असणें आणि मनास विकार जडणें या दोन वेगळ्या गोष्टी. विकार हा आजार आहे, तो उपचारानें हटूं शकतो. मंदत्व हा आजार नव्हे, ती त्या माणसाची जन्माची चाल आहे. तथापि १९१२ सालच्या वेड्यांसंबंधींच्या कायद्यानें दोघांनाहि एकाच व्याख्येंत बसविलें होतें. १९८७ सालीं नवा मानसिक आरोग्य कायदा झाला, तेव्हां कोठें त्यांतून मतिमंदत्व वेगळें काढण्यांत आलें. नांवेंहि बदलत गेलीं. काल मतिमंद म्हणत, आज बौद्धिक दिव्यांग म्हणतात. नांव सौम्य झालें हें ठीकच. पण त्या माणसाचा दिवस बदलला कीं नाहीं, हा प्रश्न नांवानें सुटत नाहीं.

आमच्या सक्करदऱ्यास तर या बाबतींत एक जुनी आठवण आहे. नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळांत कित्येक वर्षें ठेवलेल्या ताजुद्दीन बाबांना १९०८ सालीं राजे रघुजीराव भोसले यांनीं तेथून सोडवून सक्करदऱ्यांतील आपल्या राजवाड्यांत आणलें. बाबांची गोष्ट निराळी. त्यांस लोकांनीं संत मानलें, व आमच्या विषयाशीं त्यांचा संबंध नाहीं. पण ज्यास जगानें भिंतीआड ठेवलें त्यास बाहेर आणून मानानें बसविणारा कोणी तरी भेटावा लागतो, एवढा बोध त्यांतून घेण्यास हरकत नाहीं. मात्र राजवाडा प्रत्येकास मिळत नाहीं, आणि भाऊसारख्यांस तो नकोच असतो. त्यांस हवें असतें काम.

मुलांच्या शिक्षणाची सोय आपल्याकडे हळू हळू झाली. मुंबईंत वकील या पारशी दांपत्यानें १९४४ सालीं आपल्या मुलीच्या निमित्तानें अशा मुलांची शाळा काढली. तीच आजची जय वकील संस्था. पुण्यांत १९६४ सालीं कामायनी निघाली. आमच्या नागपुरांत कमलाताई होस्पेट यांनीं १९२१ सालीं मातृसेवा संघ स्थापिला. त्याच संघानें पुढें मतिमंद मुलांकरितां नंदनवन ही शाळा उघडली. या माणसांचे उपकार मोठे आहेत. परंतु शाळा ही अठराव्या वर्षीं संपते, आणि आयुष्य तेथून पुढें चाळीस-पन्नास वर्षें चालावयाचें असतें.

या पुढच्या वर्षांकरितां उद्योगशाळा निघाल्या. तेथें पाकिटें, मेणबत्त्या, पणत्या, कागदी पिशव्या होतात. भाऊहि अशा एका ठिकाणीं नऊ वर्षें जात होता. माणसें मायाळू होतीं, त्यांस बोल लावण्याचें कारण नाहीं. पण पाकिटांस गिऱ्हाईक मिळे तें दिवाळीच्या सुमारास, तेंहि दयेपोटीं. महिन्याकाठीं जें विद्यावेतन हातीं येई, त्यांत त्याच्या जाण्यायेण्याचा खर्चहि निघत नसे. "पुरता तयार झाला म्हणजे बाहेर काम पाहूं," असें आम्हांस सांगण्यांत येई. नऊ वर्षांत तो दिवस उगवला नाहीं. पोहणें आल्याशिवाय पाण्यांत उतरावयाचें नाहीं असा नियम केल्यावर माणूस जन्मभर काठावरच बसणार.

हा नियम उलटा करण्याची कल्पना अमेरिकेंत निघाली. इलिनॉय विद्यापीठांतील मार्क गोल्ड या शिक्षकानें १९७२ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांची बुद्धि बरीच मंद आहे अशा तरुणांस त्यानें सायकलचा पंधरा सुट्या भागांचा ब्रेक जोडावयास शिकविलें. पुढें त्यांतील बहुतेकांनीं चोवीस भागांचाहि जोडून दाखविला. युक्ति एवढीच कीं, कामाचे बारीक बारीक तुकडे पाडले, प्रत्येक भागास रंगाची खूण केली, तोंडानें बोलणें कमी केलें व हातानें दाखविणें वाढविलें. गोल्डचा सिद्धांत असा कीं, विद्यार्थी शिकला नाहीं म्हणजे शिकविण्याची रीत बदलावी, विद्यार्थ्यास नांवें ठेवूं नयेत. याच विचारांतून पुढें 'सोबतीची नोकरी' ही व्यवस्था उभी राहिली. आधीं खऱ्या कारखान्यांत खरी जागा मिळवावयाची, मग त्याच जागेवर, तेंच काम, शिक्षकानें शेजारीं उभें राहून शिकवावयाचें. आणि तें आलें म्हणजे शिक्षकानें एक एक पाऊल मागें सरकावयाचें. अमेरिकेच्या कायद्यांत हिची व्याख्या १९८४ सालीं झाली, व १९८६ पासून तिच्याकरितां सरकारी पैसा मिळूं लागला.

दोन वर्षांपूर्वीं या पद्धतीनें काम करणाऱ्या एक तरुण शिक्षिका आमच्या ओसरीवर आल्या. उमरेड रस्त्यापलीकडे एक लहानसा पुस्तकबांधणीचा कारखाना आहे. तेथें भाऊस घेऊन जाण्याची त्यांची इच्छा होती. आम्हीं तात्काळ नकार दिला. वाचकांपासून लपविण्यांत अर्थ नाहीं. आम्हीं तोंडानें सांगितलें कीं, रस्ता धोक्याचा आहे, तो घाबरेल, लोक त्याची थट्टा करतील. मनांत होतें तें वेगळेंच: आमच्या घराण्यांतला मुलगा दुसऱ्याच्या दुकानीं खळ लावीत बसणार, आणि सारा सक्करदरा तें पाहणार!

बाईंनीं शांतपणें विचारलें, "तो घरीं दिवसभर काय करतो?" आम्हीं त्याचीं कामें मोठ्या कौतुकानें मोजून दाखविलीं. त्या म्हणाल्या, "म्हणजे काम तर आपण त्यास देतांच. मग अडचण कामाची नाहीं. अडचण पगाराची आहे कीं लोकांची, तें आपण ठरवा."

आम्ही निरुत्तर झालों. आंतून काकूंचा आवाज आला, "उद्यांपासून डबा किती वाजतां लागेल?" निर्णय त्यांनीं दिला.

त्यानंतर बाईंनीं जें केलें तें सांगण्यासारखें आहे. पहिले दोन दिवस त्या एकट्याच कारखान्यांत गेल्या व तें काम त्यांनीं स्वतः केलें. पुस्तक छापून आलें म्हणजे त्याचे घडी केलेले फर्मे निरनिराळ्या गठ्ठ्यांनीं येतात. ते क्रमानें एकावर एक जुळवावयाचे, मग शिलाई. या जुळवणींत एक फर्मा चुकला कीं पुस्तक वाया. त्याकरितां प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर एक काळी खूण छापलेली असते, आणि ती पुढच्या फर्म्यावर थोडी खालीं सरकलेली असते. सर्व फर्मे बरोबर लागले म्हणजे पुस्तकाच्या पाठीवर पायऱ्यांची सरळ उतरण दिसते. एखादा चुकला तर पायरी तुटते. हें पाहतांच बाईंस भाऊची पळी आठवली असावी. ज्याच्या डोळ्यांस भलत्या तबकांतली पळी खुपते, त्यास तुटलेली पायरी खुपल्याशिवाय कशी राहील?

त्यांनीं कामाचे अकरा तुकडे पाडले. पहिला आठवडा त्या त्याच्या शेजारीं बसल्या, दुसरा मागें उभ्या राहिल्या, तिसरा दारापाशीं. कारखान्यांतील एका जुन्या कारागिरास त्यांनीं भाऊचा सोबती नेमून दिलें. अडलें तर त्यालाच विचारावयाचें. नागपुरांत ज्याला त्याला 'भाऊ'च म्हणतात, त्यामुळें तेथें त्यास नवें नांव घ्यावें लागलें नाहीं. जुळवणी तीन आठवड्यांत साधली. उमरेड रस्ता ओलांडावयास मात्र दोन महिने लागले. बाई रोज सकाळीं त्याच्याबरोबर चालत, मग दहा पावलांवरून, मग पलीकडच्या कडेस उभ्या राहून. नोकरीपेक्षां नोकरीला जाणें कठीण असतें, हें आम्हांस तेव्हां कळलें.

सर्व सुरळीत झालें, असें म्हणतां म्हणतां चौथ्या महिन्यांत घोटाळा झाला. एके दिवशीं भाऊ कामावर हातांची घडी घालून नुसता बसून राहिला. दुसऱ्या दिवशींहि तेंच. मालक सज्जन, पण त्यांचा धंदा होता. त्यांनीं बाईंस बोलावून घेतलें व म्हणाले, "हा तं कालपासून बसूनच हाये, बाई. आता मी काय करू, सांगा?" आमच्या घरीं हें कळतांच, सांगायला लाज वाटते, आमच्यापैकीं एकानें सुटकेचा निःश्वास टाकला. तो एक म्हणजे आम्हीच.

बाईंनीं ना भाऊस रागें भरलें, ना मालकांची विनवणी केली. त्यांनीं गठ्ठे पाहिले. नव्या छापखान्याकडून आलेल्या त्या फर्म्यांवर पायरीची खूणच नव्हती! इतर कारागीर पानांचे आंकडे पाहून काम करीत होते. भाऊची वाट पुसली गेली होती. बाईंनीं प्रत्येक गठ्ठा नीट ठोकून एकसारखा केला आणि त्याच्या पाठीवर रंगीत पेन्सिलीची एकेक ओढ घातली: पहिल्यावर वर, दुसऱ्यावर जरा खालीं, तिसऱ्यावर आणखी खालीं. एका ओढींत सबंध गठ्ठ्यास खूण झाली. भाऊनें हात सोडले व कामास लागला. तेव्हांपासून खूण नसलेले फर्मे आले कीं मालक स्वतः पेन्सिल घेतात. इतर कारागिरांच्या चुकाहि त्यामुळें कमी झाल्या, असें तेच सांगतात. त्या दिवशीं बाई आल्या नसत्या, तर 'याला जमत नाहीं' असा शेरा बसून भाऊ कायमचा घरीं आला असता. म्हणून या व्यवस्थेंत सोबत ही नोकरी लागेपर्यंत नव्हे, नोकरी असेपर्यंत लागते. आधीं रोज, मग आठवड्यानें, मग महिन्यानें, पण तुटतां कामा नये.

पगार अर्ध्या दिवसाचा आहे, आणि दर इतर मदतनिसांस आहे तोच. पहिला पगार त्यानें काकूंच्या हातीं दिला. काकूंनीं तो देवापुढें ठेवला व दुसऱ्या दिवशीं त्याच्याच नांवें बँकेंत भरला. त्यानंतर कांहीं महिन्यांनीं ती दुधाची सकाळ उगवली. वीस वर्षांत त्यानें दूध किती वेळां आणलें असेल? आम्हीं कधीं मोजलें नाहीं, कारण त्या कामास आम्ही काम समजतच नव्हतों. त्यास कामाचा मोबदला असतो व 'मला वेळ नाहीं' म्हणण्याचा अधिकारहि असतो, हें त्यास बाहेरच्या माणसांनीं शिकविलें. घरचें प्रेम त्यास इतकीं वर्षें मिळत होतें. मान मात्र उमरेड रस्त्यापलीकडे मिळाला. ही गोष्ट आमच्यासारख्या कुटुंबवत्सल म्हणविणाऱ्यांनीं जरा थांबून विचार करण्यासारखी आहे.

सर्वांनाच असें जमेल, असा आमचा दावा नाहीं. कांहींची प्रकृति अशी असते कीं त्यांस जन्मभर दुसऱ्याचा हात लागतो. कोठें दयेचा आव आणून फुकट राबवून घेणारेहि भेटतात. तेथें घरच्यांनीं जागरूक राहिलें पाहिजे. पण वाटा अनेक आहेत. मुंबईंत जुहू येथें २०१८ सालीं कॅफे अर्पण हें उपाहारगृह निघालें. तेथें अशाच तरुण स्त्रीपुरुषांनीं पाहुण्यांची सरबराई करावी अशी योजना आहे. आमच्या विदर्भांत, अमरावती जिल्ह्यांतील वझ्झर येथें, शंकरबाबा पापळकर यांनीं बेवारस टाकलेल्या मतिमंद, अंध व मूकबधिर मुलांस आपलें आडनांव दिलें; त्या मुलांच्या हातून तेथें हजारों झाडें वाढलीं. २०२४ सालीं बाबांना पद्मश्री मिळाली. अठरा वर्षें पूर्ण झालीं म्हणून अशा मुलानें बालगृह सोडून जावें तरी कोठें, हा सवाल ते वर्षानुवर्षें सरकारास विचारीत आले आहेत. काकूंचा प्रश्न तोच. फरक इतकाच कीं, तेथें विचारणारी आई नाहीं.

कायद्याची बाजूहि थोडी सांगून ठेवतों, कारण सुशिक्षित घरांतहि ती क्वचितच माहीत असते. १९९५ च्या कायद्यानें सरकारी नोकऱ्यांत अपंगांस तीन टक्के जागा दिल्या, त्यांत मंदबुद्धि माणसांचा वांटा नव्हता. २०१६ च्या कायद्यानें त्या चार टक्के केल्या, व त्यांतील एक टक्का बौद्धिक दिव्यांगता, ऑटिझम, मानसिक आजार इत्यादिकांकरितां मिळून ठेवला. दिव्यांगत्व निदान चाळीस टक्के असल्याचें प्रमाणपत्र त्याकरितां लागतें. तें वेळींच काढावें. दुसरें, मूल अठरा वर्षांचें झालें म्हणजे आईबाप कायद्यानें आपोआप त्याचे पालक राहत नाहींत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणें जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करून पालक नेमून घेतां येतो. 'आम्ही आहोंत ना' हें आश्वासन कागदावर उतरविण्याचा तो मार्ग आहे. आमच्या घरीं हा अर्ज या वर्षीं झाला. सही करतांना आमचा हात किंचित् जड झाला हें खरें, कारण इतकीं वर्षें तोंडानें दिलेल्या शब्दाचें वजन प्रथमच कळलें.

काकूंचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाहीं. तो कोणा एका घरानें सुटण्यासारखाहि नाहीं. पण हल्लीं दुपारीं वाती वळतां वळतां त्या दुसरेंच कांहीं विचारतात: उद्यां कारखान्यास सुटी आहे का, डब्यांत पोळी द्यावी कीं पराठा, पावसाळ्यांत त्याची छत्री मोडली ती कोणीं दुरुस्त करून आणली का. या प्रश्नांस उत्तरें आहेत.

वाचकहो, आपल्याहि मोठ्या घरांत, मागच्या खोलींत, कोणी तरी मुकाट्यानें कपड्यांच्या घड्या घालीत बसलेलें असेल. पुढच्या वेळीं पाहुण्यांस 'घरच्यासारखा आहे' असें सांगण्यापूर्वीं एकदां त्याच्याजवळ जाऊन बसावें, आणि त्याच्या डोळ्यांस कोणती तुटलेली पायरी खुपते तें पाहावें. बाहेर कोठें तरी तिची गरज असणारच. दुधाची किटली तेवढी आपण उचलावी. आम्ही आतां आळीपाळीनें उचलतों. कोपऱ्यापर्यंतचें अंतर फारसें नाहीं.